त्रेपन्न यार्ड

ऑगस्टमधल्या एका सकाळी टोमॅटोच्या बरण्या भरता भरता लव्होनने नवऱ्याकडे एक गोष्ट मागितली. लव्होन कुबिचेक मागणाऱ्यातली बाई नव्हती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने काय काय मागितलं ते मायलोला बोटांवर मोजता आलं असतं. त्यातली एक मागणी घोरणं बंद करण्याची होती, आणि ती काही त्याला जमली नव्हती.

"यंदा एक मॅच माझ्या शेजारी बसून बघ," ती म्हणाली.

मायलोच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. "शेजारी बसून? मग साखळी कोण धरणार?"

"गावात काय तुला एकट्यालाच हात आहेत?"

"हात सगळ्यांना आहेत गं. लक्ष कुणाला आहे?"

लव्होन हसली आणि हसता हसता तिला खोकला आला. हल्ली तो आला की लवकर जायचा नाही. मायलोने खुर्ची पुढे केली, तिने ती पायाने मागे ढकलली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "बत्तीस वर्षं मी मॅच बघायला जाते आणि तुलाच बघून येते. तू समोर काठी घेऊन उभा. चेंडू कुठे गेला ते मला घरी आल्यावर रेडिओवर कळतं. एकदा तरी मला मॅच बघू दे की."

मायलोने शब्द दिला. शेवटची मॅच, नोव्हेंबरातली, ओक बेंडविरुद्धची. त्या दिवशी काठी मायलोच्या जोडीदाराच्या, गसच्या, जावयाकडे, आणि मायलो आठव्या रांगेत, बायकोच्या शेजारी.

आता या काठीची गोष्ट. एल्म फोर्क कॉलेजची टीम म्हणजे 'करकोचे'. दर मार्चमध्ये नदीवर पक्षी उतरतात त्यांच्यावरून हे नाव पडलं, आणि टीमही बरीच वर्षं त्या पक्ष्यांसारखीच एका पायावर उभी होती. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे नेला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही नेला तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. ते दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला दोन नारिंगी काठ्या असतात आणि त्यांच्यामध्ये साखळी. पुढची काठी गसकडे, कितवा प्रयत्न ते दाखवणारी पाटी वेंडेलकडे, आणि मागची काठी मायलोकडे. साखळीवरचा चिमटा मैदानातल्या पांढऱ्या रेघेशी जुळवून लावायचं कामही मायलोचंच; साखळी हलली तरी त्या चिमट्यावरून जागा परत सापडते. पंचाने हात केल्याशिवाय काठी उचलायची नाही. आणि कुणीही जिंको, कुणीही हरो, साखळीवाल्याने चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू द्यायची नाही. मायलोने बत्तीस वर्षांत एकदाही टाळी वाजवली नव्हती. पेशाने तो खेड्यापाड्यांत पत्रं पोचवणारा पोस्टमन. हिमवादळातही अकराची पत्रं अकराला देणारा. एका शनिवारी कुणाच्या तरी जागी म्हणून काठी धरली आणि ती तशीच हातात राहिली.

साखळी धरायची ती पाहुण्यांच्या बाजूला. म्हणजे मायलो ओक बेंडच्या नाहीतर आणखी कुणाच्या पोरांच्या घोळक्यात, आणि लव्होन पलीकडे, घरच्या लोकांत, आठव्या रांगेत. मध्ये त्रेपन्न यार्ड हिरवळ. लव्होनकडे एक जुना थर्मास होता. अटीतटीचा चौथा प्रयत्न आला की त्याचं लाल झाकण ती समोरच्या लोखंडी नळीवर ठोकायची, टक टक टक. करकोच्यांनी गुण घेतले की मायलो एका बोटाने टोपी जराशी मागे सारायचा. एवढंच. नियमांच्या पुस्तकात टोपीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, त्याने तपासून पाहिलं होतं.

हंगाम सुरू झाला आणि करकोचे नेहमीप्रमाणे पहिल्या दोन मॅच हरले. गावाला नवल वाटलं नाही. जिंकल्यापेक्षा हरलेल्या मॅच कमी, असा हंगाम गावाने अकरा वर्षांत पाहिला नव्हता. पण तिसरी मॅच पोरांनी जिंकली, मग चौथी, मग पाचवी. न्हाव्याच्या दुकानात लोक हळू आवाजात बोलू लागले. मोठ्याने बोललं तर दृष्ट लागेल अशी भीती. लव्होनने तर पाचव्या मॅचनंतर मोठं पातेलंभर चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, रांधली, दालचिनीचे रोल भाजले आणि शेजारच्या तीन घरी वाटले.

तोवर तिच्या नाकाला नळी लागली होती. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर ती चाकांच्या पिशवीतून ओढत न्यायची आणि त्याला 'माझं कुत्रं' म्हणायची. आठव्या रांगेपर्यंत पोचायला तिला आता पाव तास लागे. मुलगी, जोलीन, दोन तासांवरून गाडी चालवत यायची आणि मागे हात धरून उभी राहायची. मायलो समोरून बघायचा. लव्होन दोन पायऱ्या चढते, थांबते. दोन पायऱ्या, थांबते. त्याला तिथून काही करता यायचं नाही, आणि ते त्याला आतून खायचं.

सहावी मॅच घरच्या मैदानावर होती, आणि तिथे मायलोकडून ती चूक झाली.

चौथं, म्हणजे शेवटचं सत्र चालू होतं. करकोचे चार गुणांनी मागे होते, पण चेंडू त्यांच्याकडे होता. मायलोने सवयीने समोर पाहिलं. आठव्या रांगेतली जागा रिकामी. थर्मास तिथेच, लव्होन नाही. त्याची नजर पायऱ्यांवरून, फाटकावरून, गाड्यांकडे धावली. तेवढ्यात मैदानावर एक लांब फेक झाली, एका पोराने ती झेलली, लोक ओरडले. पंचाने हात केला असं मायलोला वाटलं. त्याने चिमटा काढला, काठी उपटली आणि पुढे चालू लागला.

पंचाने हात केलाच नव्हता. मैदानात पंचाचा पिवळा रुमाल पडला होता. करकोच्यांच्याच एका पोराची आगळीक. फेक रद्द, चेंडू परत जुन्या जागी, प्रयत्न पुन्हा. पण दहा यार्ड कुठून मोजायचे त्याची खूण आता कुठेच नव्हती. ती मायलोच्या हातात लोंबकळत होती.

लाइनवरचा पंच रॉयस धावत आला. "मायलो! काठी का उचलली?"

मायलो काठी घेऊन मागे फिरला, पण रोवल्याची जागा सापडेना.

पंचांनी आपसात बोलून अंदाजाने जागा ठरवली. मायलोच्या मते ती हातभर पुढे होती, पण ज्याने खूण घालवली त्याने कोणत्या तोंडाने बोलायचं? दोन प्रयत्नांनंतर साखळी ताणून मोजलं, तर चेंडू वीतभर कमी पडला. करकोचे चार गुणांनी हरले.

लव्होन गाडीत बसली होती. दम लागला होता, एवढंच. जोलीनने तिला नेलं होतं. "काय झालं रे?" तिने विचारलं, आणि नवऱ्याचं तोंड बघून पुढे काही विचारलं नाही.

गावाने मात्र विचारलं. गाव असतंच त्यासाठी. टपालकचेरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, वाण्याकडे. "काय मायलो, काठी घेऊन फिरायला निघाला होतास म्हणे?" "पत्र पोचवायचं राहिलं होतं वाटतं!" हसून बोलायचे, पाठीवर थापही मारायचे. कुणाच्या मनात विष नव्हतं. पण बत्तीस वर्षं आपल्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही याचा ज्याला अभिमान, त्याच्याकडे आता सगळे बघत होते. वेंडेलने एकदाही चिडवलं नाही, आणि मायलोला तेच सगळ्यात जास्त लागलं.

करकोचे पुढच्या दोन मॅच जिंकले, एक हरले. पाच जिंकल्या, चार हरल्या. उरली ओक बेंडविरुद्धची. जिंकली तर अकरा वर्षांनी गावाला मान वर करता येणार होती.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी मायलो जेवता जेवता म्हणाला, "लव्होन, शनिवारचं म्हणतो मी..."

तिने चमचा खाली ठेवला.

"गसच्या जावयाला चिमटा कसा लावायचा तेही धड येत नाही. आणि मी त्या दिवशी नसलो, तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला काढला. एकदा नीट करून दाखवायचंय मला. एकदाच. मग सोडतो." तो आणखी बोलत गेला, आणि बोलू नये ते बोलला. "नाहीतरी डॉक्टरांनी तुला पायऱ्या चढायला मना केलंय. तू घरी रेडिओवर ऐक. मी आलो की सगळं सांगेन."

"बरं," लव्होन म्हणाली.

हे 'बरं' मायलोच्या चांगल्या ओळखीचं होतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तिने उठून ताट धुतलं, आपलं कुत्रं ओढत खोलीत गेली. मायलोने थंड झालेले बटाटे परत पातेल्यात टाकले. दिलेला शब्द आपण मोडला हे त्याला कळत होतं. पायऱ्यांचं निमित्त पुढे केलं, याची तर त्याला लाज वाटत होती. पण काठीही सुटेना.

शनिवारी उत्तरेचा वारा सुटला होता, हिमाचे बारीक कण तिरपे उडत होते. लव्होन अंथरुणात बसूनच म्हणाली, "जा, उशीर होईल. कानटोपी घाल." थर्मास तिने भरून दिला नाही. मायलोने मागितलाही नाही.

मैदानावर त्याने काठी हातात घेतली आणि समोर पाहिलं. आठवी रांग भरलेली होती. तिच्या जागेवर कुणीतरी निळी टोपी घातलेला अनोळखी माणूस. बरोबरच होतं, जागा काय कुणाच्या नावावर असते? पण मायलोला त्या माणसाचा उगीच राग आला.

ओक बेंडची पोरं त्याच्या आजूबाजूला थुंकत, ओरडत होती. "आजोबा, आज फिरायला जायचं नाही हं!" एकजण म्हणाला. म्हणजे बातमी साठ मैलांवरही पोचली होती. मायलोने चेंडूवरची नजर काढली नाही. चिमटा लावताना तो रेघेवर दोनदा बोट ठेवून बघत होता.

दुसऱ्या सत्रात करकोच्यांचा चौथा प्रयत्न आला. एक यार्ड हवा होता. सगळं मैदान चिडीचूप झालं, आणि मायलोच्या पाठीमागून आवाज आला.

टक टक टक.

झाकण, लोखंडी नळीवर. तो आवाज त्याने हजार आवाजांतून ओळखला असता. फक्त तो नेहमी समोरून, लांबून, वाऱ्यावर यायचा. आज तो पाठीमागे दहा पावलांवरून येत होता. मायलोची मान आपोआप वळू लागली आणि त्याने ती जागच्या जागी आवरली. खेळ चालू होता. पोरांचा ढीग पडला, पंचाने हात केला, यार्ड मिळाला. मायलोने काठी नेली, रोवली, चिमटा लावला, बोट ठेवून पाहिलं. मग ओक बेंडने विश्रांती मागितली, तेव्हा कुठे तो वळला.

कुंपणापलीकडे, ओक बेंडच्या तांबड्या कोटांच्या गर्दीत, चाकांच्या खुर्चीवर लव्होन बसली होती. अंगाभोवती निळी गोधडी, तिच्यावर करकोचा शिवलेला. मांडीवर थर्मास, पायाशी कुत्रं. मागे जोलीन, रडकुंडीला आलेली.

"बाबा, मी नको म्हणत होते! हिने ऐकलंच नाही!"

"इकडे काय करतेस तू?" मायलोने विचारलं.

"इकडे पायऱ्या नाहीत," लव्होन म्हणाली. "तू येत नाहीस म्हटल्यावर मीच आले. आता तोंड तिकडे कर. चेंडू तिकडे आहे."

"थंडी किती आहे..."

"बत्तीस वर्षं तोंड बघितलं, आज पाठ बघते. पाठ बरी आहे तुझी. वळ म्हणते ना!"

तो वळला. डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा होताच म्हणा. ओक बेंडच्या त्या आगाऊ पोराने हे सगळं पाहिलं होतं. तो हळूच म्हणाला, "तुमच्या घरच्या का? चांगल्याच कडक आहेत."

"तुला काय सांगू," मायलो म्हणाला. मॅच चालू असताना खेळाडूशी बोलण्याची ही त्याची बत्तीस वर्षांतली पहिली वेळ.

उरलेली मॅच मायलोने कानांनी पाहिली. मागे लव्होन ओक बेंडच्या लोकांशी भांडत होती. मग हसत होती. कुणीतरी बाई तिला तांबडी शाल देत होती, ही नको म्हणत होती; मग, "आतून घालते, बाहेरून दिसता कामा नये," असं म्हणून घेत होती. मध्येच खोकला यायचा. तो लांबला की मायलोच्या हातातली काठी घट्ट व्हायची. थांबला की सैल. पण नजर त्याने एकदाही चुकू दिली नाही.

शेवटी एक मिनिट चोवीस सेकंद उरले. करकोचे दोन गुणांनी पुढे, चेंडू त्यांच्याकडे, तिसरा प्रयत्न. पोरगा दोघांतिघांना ओढत पुढे पडला. दहा यार्ड झाले की नाही, कुणालाच सांगता येईना. पंचाने साखळी आत बोलावली.

चेंडू कमी पडला असता तर तो ओक बेंडला मिळण्याची वेळ आली असती, आणि लांबून लाथ मारून तीन गुण मिळवण्याचा दम त्यांच्यात होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मायलो, गस आणि वेंडेल साखळी घेऊन मैदानात पळाले. मायलोचा डावा गुडघा केव्हाच कामातून गेला होता, पण पळाला. रॉयसने चिमटा धरून रेघेवर टेकवला. "हा नक्की?" त्याने मायलोला हळूच विचारलं.

"नक्की," मायलो म्हणाला. "दोनदा बघितलाय."

गसने पुढची काठी ताणली. साखळी हिरवळीवरून उठली, थरथरली, स्थिर झाली. चेंडूचं टोक काठीच्या पुढे होतं. दोन कड्यांएवढं.

पलीकडे गाव उसळलं. लोकांच्या टोप्या उडाल्या, कुणाचा तरी ढोल फुटला. मायलो चेहऱ्यावरची रेष हलू न देता काठी घेऊन कडेला परत आला, रोवली, चिमटा लावला, बोट ठेवून पाहिलं.

आता करकोच्यांना फक्त वेळ काढायचा होता. पोराने चेंडू घ्यायचा, गुडघा टेकायचा, घड्याळ पळू द्यायचं. घड्याळ थांबवायला ओक बेंडकडे एकही विश्रांती उरली नव्हती. एकदा गुडघा टेकला. घड्याळ बेचाळीस सेकंदांवर आलं.

रॉयस मायलोजवळ आला. त्याने पाठीमागे कुंपणाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग हात पुढे केला.

"काठी द्या इकडे."

मायलो दचकला. "का? आता काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. आता मोजायचं काही उरलं नाही. एक काठी मलाही धरता येते. तुम्ही जा."

"पण नियम..."

"मायलो," रॉयस म्हणाला, "जा म्हणतो ना."

काठी हातातून गेल्यावर हातांचं काय करायचं ते मायलोला कळेना. तो कुंपणापाशी गेला. त्या आगाऊ पोराने पाण्याची रिकामी बादली उलटी करून कुंपणाला टेकवून ठेवली आणि काही न बोलता बाजूला झाला. मायलो बादलीवर बसला. जाळीच्या अलीकडे तो, पलीकडे लव्होन. खांद्याला खांदा लागत होता, मध्ये फक्त तार.

लव्होनने झाकणात कॉफी ओतून कुंपणावरून दिली. अर्धी वाटेतच सांडली.

मैदानात पोराने चेंडू घेतला आणि गुडघा टेकला. झालं. बावीस पोरं उठून उभी राहिली, निळी आणि तांबडी एकमेकांत मिसळून हात मिळवू लागली. घड्याळ आपलं पळत होतं.

"एवढंच?" लव्होन म्हणाली. "गुडघा टेकला की झालं?"

"एवढंच."

"आणि याच्यासाठी तू मला बत्तीस वर्षं लांब बसवलंस?"

मायलो हसला. मग त्याचं हसू मध्येच तुटलं. "चुकलंच माझं, लव्होन," तो म्हणाला. "फार आधी यायला हवं होतं."

तिने जाळीतून बोटं घातली. हातमोज्यासकट ती जाळीत मावत नव्हती, म्हणून हातमोजा काढला. मायलोनेही काढला. तिची बोटं बर्फासारखी गार होती आणि श्वास वर वर चालला होता, तरी तिची नजर मैदानावरून हलत नव्हती. एखाद्या लहान मुलीसारखी ती सगळं बघत होती: पोरांचे चिखलाने भरलेले गुडघे, तिरपं हिम, पलीकडे आठव्या रांगेत उड्या मारणारा निळ्या टोपीचा माणूस.

"चल," मायलो उठू लागला. "तुला गाडीत नेतो. संपली मॅच."

लव्होनने त्याची बोटं घट्ट धरून त्याला खाली बसवलं.

"गप्प बस," ती म्हणाली. "अजून नऊ सेकंद आहेत."